भंडाऱ्याचा ऱ आणि यंत्राची मर्जी

‘आचार्यांस’ आणि ‘आचाऱ्यांस’ या दोन शब्दांत लिहितांना फरक एका लहानशा वळणाचा. पण पहिल्यानें गुरूंना नमस्कार पोंचतो आणि दुसऱ्यानें स्वयंपाकघरांत निरोप जातो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतल्या खोल जागा. हा भेद मराठीला आवश्यक आहे; आणि ज्या भंडारा शहरांत बसून आम्ही हें लिहीत आहों, त्याला तर त्यावांचून चालतच नाहीं. नांवाला विभक्ति लागली कीं ‘भंडाऱ्यास’, ‘भंडाऱ्याचा’ अशीं रूपें होतात. या धानाच्या जिल्ह्यांत शेतकऱ्यांस उद्देशून दोन ओळी लिहावयाच्या म्हटल्या तरी हें अक्षर हवेंच.

आमच्या जुन्या मोबाईलमध्यें आम्हीं हाताच्या सवयीचा कळफलक बसविला होता व फॉन्टहि मनाजोगा निवडला होता. गेल्या वर्षीं तो निकामी झाला आणि नवा घ्यावा लागला. नव्याची कारागिरी उत्तम आहे, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. परंतु आम्हीं ‘भंडाऱ्यास’ लिहावें आणि पुढच्या माणसाच्या हातीं ‘भंडार्यास’ पडावें, असें वारंवार होऊं लागलें. कळफलक बदलण्याची, अक्षरांचें वळण निवडण्याची सोय शोधली. ती सांपडली नाहीं. चौकशी करतां उत्तर मिळालें कीं, तशी सोय ठेवलेलीच नाहीं.

यांत दोष युनिकोडचा आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. १९९१ सालच्या त्याच्या पहिल्या आवृत्तींतच देवनागरी आहे व ‘ऱ’ला स्वतंत्र क्रमांक आहे; त्यापुढें हलन्त चिन्ह व ‘य’ दिला कीं ‘ऱ्य’ सिद्ध होतो. दुसरी रीत अशी कीं, साध्या ‘र’ला हलन्त चिन्ह देऊन पुढें एक अदृश्य जोडचिन्ह घालावयाचें. कांहीं सॉफ्टवेअरें हें चिन्ह निरुपयोगी समजून गाळतात. मग त्या ‘र’चा रफार होतो आणि आचारी आचार्यपदास चढतो!

‘ल’ व ‘श’ यांची कथा याहून बोलकी आहे. महाराष्ट्र शासनानें ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानें पाकळीचा ‘ल’ व देठाचा ‘श’ मराठीसाठीं प्रमाण ठरविले. युनिकोडमध्यें मराठी ‘ल’ व हिंदी ‘ल’ यांचा क्रमांक एकच आहे. वळण द्यावयाचें तें फॉन्टनें. एकाच फॉन्टमध्यें दोन्ही वळणें ठेवून भाषेप्रमाणें योग्य तें दाखविण्याची योजनाहि आहे. म्हणजे निवड तंत्रांत आहे. वापरणाराच्या हातीं मात्र ती पुष्कळदां पोंचत नाहीं. १९५६ पर्यंत आमचा जिल्हा मध्य प्रदेशांत होता आणि आजहि त्याची सीमा बालाघाटला लागते. हिंदीच्या वळणाशीं आमचें कसलेंहि वैर नाहीं. परंतु मुलानें शाळेंत एक ‘ल’ गिरवावा आणि पडद्यावर दुसराच पाहावा, हें कोणीं ठरविलें, एवढें विचारण्याचा अधिकार आम्हांस असावा.

यंत्रानें लिपीला बंधन घालणें नवें नाहीं. खिळ्यांच्या छपाईंत जोडाक्षरांसाठीं शेंकडों खिळे लागत; टंकलेखनयंत्राला कळा मोजक्याच असत. ही अडचण जाणूनच सावरकरांनीं लिपिशुद्धीची चळवळ केली, आणि ‘किर्लोस्कर’ मासिकानें व वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीनें ‘अि’, ‘अु’ अशीं रूपें छापूनहि पाहिलीं. ती सुधारणा टिकली नाहीं. पण तिच्यावर उघड वाद झाला, आणि न पटलेली वस्तु समाजानें परत केली. शिवाय ती मर्यादा धातूची होती. आजची मर्यादा धातूची नसून मर्जीची आहे, आणि ती रात्रींतून येणाऱ्या एका अद्ययावतीकरणानें, वादावांचून, लागू होते.

उत्पादकांचें म्हणणें असें कीं, पर्याय वाढले कीं सामान्य माणूस गोंधळतो व सुरक्षितता ढळते. हें सर्वस्वी खोटें नाहीं. आमच्या यंत्राची गोष्ट बाजूस ठेवून सर्वपरिचित आयफोनचें उदाहरण घेऊं. त्यावर इतरांनीं केलेले कळफलक २०१४ पासून चालूं लागले, बाहेरचे फॉन्ट कांहीं ॲपांपुरते २०१९ पासून. आणि युरोपीय संघाच्या कायद्यामुळें २०२४ सालीं तेथें ॲपांची दुसरीं दुकानेंहि उघडलीं. ज्या दारांना कुलपें असणें अपरिहार्य म्हणून सांगितलें जाई, तीं एकेक उघडलीं, आणि घर कोसळलें नाहीं. दुसऱ्या बाजूस लिनक्ससारखी मुक्त प्रणाली घ्या. तेथें फॉन्टपासून कळफलकापर्यंत सर्व बदलतां येतें. ज्याला बदलावयाचें नाहीं, तो आहे तसेंच वापरतो. तेथें शिकण्याचे श्रम अधिक पडतात, हेंहि कबूल केलें पाहिजे.

आमचा आक्षेप उत्पादकानें आधीं कांहीं ठरवून देण्यास नाहीं. नवख्याला तें उपकारकच आहे. आक्षेप आहे तो ठरविलेलें बदलूं न देण्यास. दाम मोजून घर घ्यावें आणि आंत खुंटी ठोकण्याची मुभा नसावी, हा व्यवहार इतरत्र कोणी मान्य करणार नाहीं. शासनानें २००९ चा आपलाच निर्णय कागदावर न ठेवतां, कचेऱ्या व शाळांसाठीं यंत्रें घेतांना त्याची अट घालावी. आणि शुद्धलेखनावर हिरीरीनें वाद करणाऱ्या आमच्या समीक्षकांनीं, शुद्ध लिहिलेलें अशुद्ध करणाऱ्या यंत्राचीहि झडती घ्यावी. तोंवर आम्ही ‘भंडाऱ्यास’ असें पोस्टकार्डावर शाईनेंच लिहीत राहूं. तेथें तो ऱ अजून आमच्या हातचा आहे.