ईयोबाचे मित्र आणि ख्रिस्ती दुःखमीमांसा : एक चिकित्सा

प्रास्ताविक

ईश्वर सर्वशक्तिमान आहे आणि तो पूर्णतः मंगलही आहे, तर मग जगात अशुभ का, हा धर्मतत्त्वज्ञानातील अत्यंत जुना प्रश्न आहे. महाविद्यालयीन अभ्यासक्रमात तो ‘अशुभाची समस्या’ या नावाने परिचित आहे. ख्रिस्ती धर्मात त्याची धार अधिकच तीव्र होते. तेथे ईश्वर केवळ जगाचा नियंता नसून प्रेमळ पिता मानला जातो आणि वर्तमान दुःखाचा हिशेब लावण्यासाठी पूर्वजन्माचा आधारही उपलब्ध नसतो. मॅक्स वेबर या समाजशास्त्रज्ञाने कर्मसिद्धान्ताची गणना या समस्येच्या तर्कसुसंगत अशा मोजक्या उत्तरांत केली. ख्रिस्ती परंपरेला असे सर्वांगीण उत्तर सापडले नाही आणि तिच्यातील सर्वच विचारवंतांना ते हवे होते असेही नाही.

या परंपरेत स्थूलमानाने दोन प्रवाह आढळतात. एक दुःखाचे कारण सांगून ईश्वराच्या न्यायाचे समर्थन करतो, तर दुसरा दुःखिताचे गाऱ्हाणे प्रामाणिक मानून ईश्वर त्याच्या सोबत आहे असे सांगतो. या दोन प्रवाहांची चिकित्सा बायबलच्या जुन्या करारातील ‘ईयोब’ या ग्रंथाच्या निकषावर करणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

ईयोबाच्या मित्रांचे तर्कशास्त्र

ईयोब हा ऊस देशातील सात्त्विक, संपन्न गृहस्थ. त्याची गुरेढोरे, सात मुलगे व तीन मुली आणि अखेर त्याचे आरोग्य, हे सारे हिरावले जाते. ग्रंथाच्या गद्य प्रस्तावनेत स्वर्गातील एक प्रसंग येतो. ईयोबाची भक्ती निरपेक्ष आहे काय, अशी शंका तेथे सैतान उपस्थित करतो आणि त्यातूनच पुढील आपत्ती ओढवतात. हा प्रसंग वाचकाला ठाऊक असतो. ईयोबाला आणि त्याच्या मित्रांना मात्र तो शेवटपर्यंत कळत नाही. त्यामुळे मित्रांचे प्रत्येक भाषण वाचताना ते चुकीचे आहे, हे वाचकाला आधीच माहीत असते. ग्रंथाची सारी उपरोधशक्ती या रचनेत आहे.

अलीफज, बिल्दद व सोफर हे मित्र दुष्ट नाहीत. ते दूरवरून भेटीस येतात आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मूकपणे बसून राहतात. ईयोब स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतो, तेव्हा ते बोलू लागतात आणि तेथूनच त्यांचा ऱ्हास सुरू होतो. त्यांचे तर्कशास्त्र साधे आहे. ईश्वर न्यायी आहे. न्यायी ईश्वर निरपराध्याला शिक्षा करीत नाही. ईयोब दुःख भोगत आहे. म्हणून ईयोब अपराधी आहे. पुढेपुढे तर गरिबांना लुबाडल्याचे कल्पित आरोपही त्याच्यावर होऊ लागतात. सिद्धान्त टिकवण्यासाठी माणसाची नालस्ती करावी लागते, हे या संवादांनी अत्यंत निर्दयपणे उघड केले आहे.

ग्रंथाच्या अखेरीस ईश्वर वावटळीतून बोलतो, परंतु ईयोबाच्या दुःखाचे कारण सांगत नाही. सृष्टीची अफाटता तो दाखवतो. हे उत्तर अनेक समीक्षकांना अपुरे वाटते आणि ते आकलनीय आहे. तथापि उपसंहारातील निवाडा नि:संदिग्ध आहे. ईश्वराचा कैवार घेणारे मित्र दोषी ठरतात आणि ईश्वराशी भांडणारा ईयोब योग्य बोलला असे घोषित होते. मेंढरे सात हजारांची चौदा हजार होतात, गुरेही दुप्पट होतात. अपत्ये मात्र पुन्हा दहाच होतात आणि गेलेली दहा परत येत नाहीत. भरपाईचा हा सुखान्त मित्रांच्याच हिशेबाकडे झुकतो हे खरे. परंतु त्यातील ही उणीव वाचकाला विसरता येत नाही.

नव्या करारात हाच विचार पुढे चालू राहतो. लूककृत शुभवर्तमानात शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती माणसे इतरांहून अधिक पापी होती, हा निष्कर्ष येशू नाकारतो. योहानकृत शुभवर्तमानात जन्मांध माणसाविषयी शिष्य विचारतात की पाप याचे की याच्या आईबापांचे. येशू दोन्ही पर्याय फेटाळतो. मूळ ग्रंथांतच इतका स्पष्ट नकार असताना ख्रिस्ती विचारवंतांनी तो कितपत पाळला, हे पाहणे अगत्याचे ठरते.

ऑगस्टीन आणि आयरेनियस

संत ऑगस्टीन (३५४–४३०) तारुण्यात मानीपंथाकडे ओढला गेला होता. शुभ व अशुभ ही दोन स्वतंत्र तत्त्वे आहेत, ही त्या पंथाची शिकवण. ती सोडल्यानंतर त्याने अशुभाला स्वतःची सत्ताच नाही, ते शुभाचा अभाव होय, असे प्रतिपादन केले. अंधत्व ही जशी स्वतंत्र वस्तू नसून दृष्टीचा अभाव, तसेच हे. ईश्वराने अशुभ निर्माण केले नाही. देवदूतांनी व मानवाने आपल्या इच्छास्वातंत्र्याचा दुरुपयोग केला आणि त्यातून ते जगात आले. नैतिक अशुभाच्या बाबतीत या मांडणीचे सामर्थ्य आजही मान्य करावे लागते. जे. एल. मॅकी यांनी १९५५ मध्ये ईश्वर व अशुभ यांत तार्किक विसंगती असल्याचा आक्षेप घेतला. त्याला १९७४ मध्ये आल्विन प्लँटिंगा यांनी दिलेले उत्तरही इच्छास्वातंत्र्यावरच उभे आहे.

परंतु ऑगस्टीनच्या उत्तरायुष्यातील वादात एक अडचण उघडी पडते. पेलेजियसच्या अनुयायांशी, विशेषतः एक्लानमच्या ज्युलियनशी वाद करताना तो अर्भकांच्या वेदनांचा दाखला देतो. न्यायी ईश्वराच्या राज्यात निरपराध्याला दुःख होणार नाही; अर्भके तर दुःख भोगतात; म्हणून तीही आदामाच्या मूळ पापाची वारस असली पाहिजेत. हे तर्कशास्त्र कोणाचे, हे सांगण्याची आवश्यकता नाही. अलीफज व बिल्दद यांनी एका प्रौढ गृहस्थाविषयी जे म्हटले, तेच येथे पाळण्यातल्या मुलाविषयी म्हटले गेले.

दुसऱ्या शतकातील लिआँचा बिशप आयरेनियस याची दृष्टी वेगळी आहे. त्याच्या मते मानव परिपूर्ण निर्माण होऊन नंतर पतित झाला असे नव्हे. तो बालकासारखा अपक्व होता आणि त्याला वाढायचे होते. या बीजाचा विस्तार जॉन हिक यांनी १९६६ मधील आपल्या ग्रंथात केला. धैर्य, करुणा, त्याग हे गुण वेदनारहित जगात संभवत नाहीत. हे जग म्हणजे आत्म्याची जडणघडण करणारी भूमी होय, असे ते मानतात. येथे दुःखिताला अपराधी ठरवले जात नाही, हा या मांडणीचा मोठा गुण. मात्र जे दुःख माणसाला घडवण्याऐवजी चिरडून टाकते, त्याचे काय? नाझी छळछावण्यांतील बालकांना घडण्याचा अवसरच मिळाला नाही. हिक यांनाही येथे गूढतेचा आणि मरणोत्तर पूर्णत्वाचा आश्रय घ्यावा लागला.

लिस्बनपासून वेलांकणीपर्यंत

१ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. चर्चमध्ये उपासनेसाठी जमलेले लोक तेथेच गाडले गेले. हे जग शक्य असलेल्या जगांत सर्वोत्तम आहे, हा लायब्निट्झचा १७१० मधील सिद्धान्त व्हॉल्तेअरच्या १७५९ मधील ‘कँडीड’मध्ये उपहासाचा विषय झाला. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने तमिळनाडूतील वेलांकणीच्या किनाऱ्यावर नाताळच्या यात्रेकरूंना ओढून नेले, तेव्हा तोच प्रश्न भारतीय ख्रिस्ती समाजापुढे उभा राहिला. अशा नैसर्गिक अशुभापुढे इच्छास्वातंत्र्याचा युक्तिवाद लंगडा पडतो.

दस्तयेव्हस्कीने ‘कारामाझोव्ह बंधू’ (१८७९–८०) या कादंबरीत हा प्रश्न नैतिक पातळीवर नेला. इव्हान ईश्वराचे अस्तित्व नाकारत नाही. एका बालकाच्या यातनांच्या मोबदल्यात मिळणारी अंतिम सुसंवादिता त्याला नको आहे. लेखक स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती असूनही त्याने इव्हानच्या आक्षेपाला सौम्य केले नाही, हे लक्षणीय होय. ईयोबाचा वारसा या पात्राने चालवला असे म्हणता येईल.

क्रूस आणि सहवेदना

विसाव्या शतकातील दुसऱ्या प्रवाहाचे मूळ क्रूसात आहे. मार्कच्या शुभवर्तमानात मरणाऱ्या येशूच्या तोंडी बाविसाव्या स्तोत्रातील परित्यक्ततेचा आक्रोश आहे. जुलै १९४४ मध्ये नाझी तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात डीट्रिख बॉनहोफर यांनी स्वतः दुःख भोगणारा ईश्वरच मानवाच्या साहाय्यास येऊ शकतो, असा विचार मांडला. एप्रिल १९४५ मध्ये त्यांना फाशी देण्यात आली. युर्गेन मोल्टमन यांनी १९७२ मध्ये या विचाराला व्यवस्थित धर्मशास्त्रीय रूप दिले. कार्ल राहनर यांचा यावरील आक्षेप मार्मिक आहे. ईश्वरही त्याच संकटात सापडला असेल, तर त्यातून मानवाची सुटका कशी होणार? या प्रवाहापाशी त्यावर पुनरुत्थानाची आशा एवढेच उत्तर आहे. ते श्रद्धेचे उत्तर आहे, पुराव्याचे नव्हे. परंतु तो दुःखितावर आरोप करीत नाही, हे महत्त्वाचे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण

मराठी ख्रिस्ती परंपरेत हा प्रश्न ग्रंथाबाहेर कसा जगला गेला, हे पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) चरित्रातून दिसते. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री, आई व थोरली बहीण यांचा अंत झाला. पुढे भाऊ गेला, १८८२ मध्ये पतीही गेले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली व विधवा यांना घेऊन परतल्या; केडगावचे मुक्तिसदन त्यांच्यासाठी घर झाले. अन्नदान व धर्मप्रसार यांच्या तेथील सांगडीवर आक्षेप घेता येतो. असहायाच्या श्रद्धेचे स्वातंत्र्य हाही न्यायाचाच प्रश्न आहे. तरीही उपाशी मुलीला तिच्या उपासमारीचे कारण समजावण्यापेक्षा तिला जेवू घालणे त्यांनी आधी केले. याच बाईंनी पुढे हिब्रू व ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. ईयोबाचे गाऱ्हाणे मराठीत उतरवणारी व्यक्ती स्वतः दुष्काळातून वाचलेली होती, ही गोष्ट त्या भाषांतराच्या अभ्यासकांनी ध्यानात घ्यावी अशी आहे.

समारोप

ख्रिस्ती दुःखमीमांसा जेथे कारणे सांगते तेथे ती तर्कदृष्ट्या समृद्ध, पण नैतिकदृष्ट्या धोक्यात असते. इच्छास्वातंत्र्याचा विचार मानवी क्रौर्याचा काही उलगडा करतो. अर्भकाच्या वेदनेचा व भूकंपाचा नाही. हा उलगडा ओढूनताणून पूर्ण केला, की दुःखित हाच आरोपी ठरतो. वर्गात ही समस्या शिकवताना तिच्या उत्तरांची तार्किक सुसंगती तपासली जाते आणि ते आवश्यकच आहे. त्याबरोबर आणखी एक कसोटी लावणे उचित ठरेल. जे उत्तर दहा अपत्ये गमावलेल्या ईयोबासमोर बसून उच्चारता येत नाही, ते कितीही सुसंगत असले तरी अपुरेच मानावे लागेल. मित्रांनी सात दिवस पाळलेले मौन त्यांच्या नंतरच्या सर्व भाषणांहून सत्याच्या अधिक जवळ होते, असाच या प्राचीन ग्रंथाचा निर्णय दिसतो.