पायवाट आणि दर्या : गो. नी. दांडेकरांच्या लेखनातील पुरावा

तळेगाव दाभाडे येथे वास्तव्य केलेल्या गो. नी. दांडेकरांनी (१९१६–१९९८) ‘दुर्गभ्रमणगाथा’ लिहिली, तशीच शिवकालीन आरमाराला विषय करणारी ‘दर्याभवानी’ ही कादंबरीही लिहिली. पदभ्रमण आणि सागरी युद्ध यांना केवळ लेखकाच्या आवडीने जोडणे अपुरे ठरेल. खरा प्रश्न पुराव्याचा आहे.

दुर्ग आजही चालून पाहता येतो. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने शाइस्तेखानाविरुद्ध लढविलेल्या चाकणच्या संग्रामदुर्गाचे अवशेष आज कारखान्यांच्या परिसरात उभे आहेत. चढाची, तटाची, टाक्याची साक्ष लेखकाचे पाय देतात. शिवकालीन गलबत मात्र उरलेले नाही, आणि पाण्यावर पायवाट उमटत नाही. तेथे साक्ष शब्दांचीच. ‘गुराब’ या नावात अरबी भाषेतील कावळा आहे, ‘सुकाणू’ही अरबीतूनच आले, ‘नाखवा’ फारसी ‘नाखुदा’शी नाते सांगतो. दर्यावर्दींचा जुना संपर्क या शब्दांत टिकून आहे.

म्हणून आरमारी कादंबरीतील परिभाषा हा अलंकार नव्हे. ‘मतलई’ म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा. शीड केव्हा उभारावे, हे त्यावर ठरते. शब्द कृतीला भाग पाडील तरच दर्या खरा वाटतो. एरवी उरते ती कोशातील यादी. पायी हिंडणाऱ्याने वाटेवरच्या माणसांची बोली कानांत साठविलेली असते. दांडेकरांच्या भ्रमणाचे त्यांच्या आरमारी कादंबरीला मिळालेले खरे देणे हेच होय.