पहिला पाठ आणि पहिली चूक : ‘द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज’च्या पहिल्या प्रकरणाची चिकित्सा

भाषा शिकविणाऱ्या कोणत्याही पुस्तकाची खरी परीक्षा त्याच्या पहिल्या पाठात होते. आरंभ व्याकरणाने करावा की प्रयोगाने, हा भाषाशिक्षणातील जुना वाद आहे. ब्रायन कर्निगन व डेनिस रिची यांच्या ‘द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ या १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने संगणकाच्या भाषेपुरता त्याचा निकाल निःसंदिग्धपणे प्रयोगाच्या बाजूने दिला. ग्रंथाची दुसरी आवृत्ती १९८८ साली निघाली. भाषाविज्ञानाकडून संगणकाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती हे पुस्तक आजही पडते. म्हणून त्याच्या पहिल्या प्रकरणाचा अध्यापनपद्धती या दृष्टीने विचार करणे अगत्याचे आहे.

पहिला प्रोग्रॅम पडद्यावर ‘हॅलो, वर्ल्ड’ एवढेच शब्द उमटवितो. हे उदाहरण कर्निगन यांनी १९७४ च्या एका अंतर्गत टिपणातही योजिले होते. त्याचे महत्त्व त्याच्या आशयात नाही. ते त्याच्या पूर्णतेत आहे. वर्णमाला, मग शब्द, मग वाक्य असा क्रम न धरता विद्यार्थ्याला प्रथमच एक संपूर्ण उक्ती दिली जाते. मजकूर लिहिणे, तो कंपायलरकडून यंत्रभाषेत उतरवून घेणे, तयार झालेला प्रोग्रॅम चालविणे आणि उत्तर कोठे उमटले ते शोधणे, हे चक्र एकदा पुरे झाले की पुढचा मार्ग सुकर होतो, अशी ग्रंथकारांची भूमिका आहे. अनुभव तिला पुष्टी देतो. नवशिक्याची पहिली अडचण भाषेत क्वचितच असते; ती बहुधा या चक्रात असते.

या प्रकरणातील सर्वांत मोलाची गोष्ट मात्र त्याचा पहिला स्वाध्याय होय. प्रोग्रॅममधील एकेक भाग मुद्दाम गाळून पाहावा व कंपायलर कोणती तक्रार करतो ते टिपावे, असे त्यात सुचविले आहे. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला ही पद्धत तत्काळ ओळखीची वाटेल. ‘मी घरी जातो’ हे वाक्य ग्राह्य आणि ‘मी घरी जातोस’ हे अग्राह्य, या तुलनेतूनच आपण क्रियापदाच्या पुरुषाचा नियम हाती घेतो. तारांकित वाक्य हे आपले प्रमुख साधन आहे. येथे विद्यार्थी तशीच वाक्ये स्वतः घडवितो, आणि भाषकाच्या जागी कंपायलर असतो. पाठ्यपुस्तकात चूक ही सामान्यतः दंडनीय गोष्ट असते. येथे ती संशोधनाची रीत बनते.

तथापि हा भाषक विलक्षण आहे. अर्धविराम गळला तर दोष पुष्कळदा पुढच्या ओळीवर दाखविला जातो, कारण पुढचे पद भेटेपर्यंत वाक्य संपले नाही हे त्याला कळतच नाही. शिवाय तो केवळ व्याकरण जाणतो, वक्त्याचा हेतू जाणत नाही. फॅरनहाइटचे सेल्सिअसमध्ये रूपांतर करणारे पुढील उदाहरण या दृष्टीने मार्मिक आहे. दुसऱ्या आवृत्तीत आधी ५ ने गुणून नंतर ९ ने भागले आहे. ५ भागिले ९ हे आधी केले असते, तर पूर्णांकांच्या भागाकारात अपूर्णांक गळून शून्य उरले असते आणि सारा तक्ता शून्यांनी भरला असता. कंपायलरने मात्र अवाक्षर काढले नसते. योग्य क्रम ठेवूनही ० अंश फॅरनहाइटला सुमारे -१७.८ ऐवजी -१७ येतात. ग्रंथकार ही उणीव स्वतः दाखवितात आणि मगच दशांश संख्यांकडे वळतात. व्याकरणशुद्ध वाक्य असत्य असू शकते, हा धडा इतक्या लवकर व इतक्या स्वस्तात क्वचितच कोणी दिला असेल.

आता उणिवेकडे वळू. कंपायल करण्याची कृती ग्रंथकारांनी एका परिच्छेदात आटोपली आहे. तपशील यंत्रागणिक बदलतो, हे त्याचे समर्थन. परंतु चुकांच्या जाती या कृतीच्या टप्प्यांवरच अवलंबून असतात. गळलेला अर्धविराम कंपायलर पकडतो. ‘प्रिंटएफ’ या नावातील एखादे अक्षर सुटले, तर जुन्या नियमांनुसार ती चूक कंपायलरच्या हातून निसटे आणि प्रोग्रॅमचे तुकडे जोडणाऱ्या लिंकरजवळ अडे. चुकीचा भागाकार तर प्रोग्रॅम चालल्यावरच उघडा पडतो. या तीन दारांची नावेही विद्यार्थ्याला ठाऊक नसतील, तर वरील उत्तम स्वाध्यायाचे निम्मे फळ वाया जाते.

दुसरी अडचण काळाने निर्माण केली आहे. पुस्तकातील ‘मेन’ या फलनापुढे परत येणाऱ्या मूल्याचा प्रकार लिहिलेला नाही. ही सवलत १९९९ च्या प्रमाणकाने काढून घेतली, आणि २०२४ साली आलेला जीसीसी १४ हा कंपायलर अशा लेखनास एरवी दोषच मानतो. म्हणजे पुस्तकातील पहिले वाक्य जसेच्या तसे उतरविणारा आजचा विद्यार्थी पहिल्याच पावलास अडखळेल, आणि दोष आपल्या आकलनाचा आहे असे समजेल. हा अन्याय टाळणे शिक्षकाच्या हाती आहे.

सारांश, हे प्रकरण बदलावे असे नाही. त्याला एका पानाची पुरवणी जोडावी. तिच्यात ‘मेन’चे आजचे रूप द्यावे, तीन टप्पे सांगावेत आणि प्रत्येक टप्प्यावर सापडणारी एकेक चूक मुद्दाम करावयास लावावी. ज्या शिक्षणपद्धतीचा पाया चुकीच्या अभ्यासावर आहे, तिने चुकीचे वर्गीकरणही शिकविले पाहिजे.