वसईचे गोळे व प्रेक्षकांची वाहवा

जुन्या रणभूमींवर धातुशोधक यंत्र फिरवून गोळ्या, गुंड्या, तोफगोळे उकरल्याच्या चित्रफिती हल्लीं आवडीनें पाहिल्या जातात. वस्तु वर येतांच प्रेक्षकांचे उद्गार बहुधा दोनच: 'वाहवा!' आणि 'किंमत काय येईल?' ती किती खोल व कोणत्या थरांत होती, हें पुसणारा विरळा. ही रसिकता आम्हांस मान्य नाहीं.

नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील घंटा वसईच्या विजयाची म्हणून प्रसिद्ध आहे. तिजवर १७२१ हें साल आहे. स्थानभ्रष्ट होऊनही ती आपलें वय सांगते. तोफगोळ्यास पुष्पिका नसते. १७३९ च्या वेढ्यांत चिमाजी अप्पांच्या सैन्यानें सुरुंगांनीं सेबास्तियन बुरूज फोडला व मे महिन्यांत किल्ला शरण आला. त्या बुरुजापाशीं मिळालेला गोळा आंतून सुटला कीं बाहेरून आला, याची साक्ष त्याची जागाच देणार. तोच कोणाच्या फडताळांत गेला कीं मोडीच्या भावाचें लोखंड! (ही मोडी लिपि नव्हे.) पोथीचें पान फाडून विकणाऱ्यास आपण काय म्हणतों?

'मातींत कुजण्यापेक्षां काढलेला बरा' असाही एक पक्ष आहे. परंतु उकरलेलें लोखंड उपचारावांचून अधिकच झपाट्यानें झडतें. शिवाय वसईचा किल्ला संरक्षित स्मारक असल्यामुळें १९५८ च्या कायद्यान्वयें तेथें परवान्यावांचून खणतां येत नाहीं.

यंत्राशीं आमचें वैर नाहीं. अमेरिकेंत लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर १९८४ सालीं संशोधकांनीं हेंच यंत्र वापरलें, मात्र प्रत्येक काडतुसाची जागा टिपून; त्यावरून एकेक बंदूक लढाईंत कोठून कोठें सरकली हें उमगलें.