शब्दांची खानेसुमारी

मोठा मजकूर संगणकात भरून भाषेचा अभ्यास करण्याचे एक काम आपल्या कोल्हापुरात झाले आहे. शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांनी भारतीय इंग्रजीचा संग्रह सिद्ध केला. १९७८ साली छापलेले ५०० उतारे, प्रत्येकी सुमारे २००० शब्दांचे, म्हणजे एकूण दहा लाख शब्द. आराखडा अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या संग्रहाचा. तोही छापील मजकुराचाच. काम कष्टाचे आहे, त्याविषयी माझी तक्रार नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. त्याच १९७८ च्या २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. त्या वस्त्यांतली माणसे तेव्हा जे बोलली, त्यातले बहुतेक ना इंग्रजीत होते, ना छापले गेले. हा कोल्हापूरच्या संग्रहाचा दोष नव्हे. त्याचा विषयच निराळा. पण मराठीचा संग्रह करणाराही केवळ छापलेलेच उचलू लागला, तर छापखान्यापर्यंत कोण पोचले याचीच ती खानेसुमारी होईल. प्रमाण रूप जास्त वेळा सापडेल, आणि जास्त वेळा सापडते म्हणून तेच पुन्हा प्रमाण ठरेल.

म्हणून यंत्राकडे पाठ फिरवावी काय? मुळीच नाही. एखादा शब्द जिथे जिथे आला, त्या सगळ्या ओळी ते एकाखाली एक मांडून देते. वृत्तपत्रांच्या मजकुरात 'दलितांवर', 'दलितांना', 'दलितांनी' ही रूपे शोधा. पहिल्यात आपण बहुधा मार खाणारे, दुसऱ्यात कोणी दिलेले घेणारे, तिसऱ्यात कर्ते. पण नुसत्या आकड्यावर भाळू नये. 'दलितांनी मोर्चा काढला' आणि 'दलितांनी संयम पाळावा' या दोन्ही वाक्यांतले 'दलितांनी' गणतीत सारखेच पडते. दुसऱ्यात कर्तेपण कुठले? तो उपदेश आहे, आणि उपदेश करणारा वाक्यात कुठेच दिसत नाही. यंत्राने ओळ समोर आणली तरी ती वाचावी आपल्यालाच लागते. (अग्रलेखांतून आपल्या वाट्याला असे 'पाळावा', 'राखावा' किती आले, हे मला एकदा मोजायचेच आहे.)

दरम्यान आपल्या नियतकालिकांचे जुने अंक, जलशांच्या वह्या, मोर्चांची पत्रके वाळवीच्या तोंडी जात आहेत. महाविद्यालयातल्या चार विद्यार्थ्यांनीही हे काम सुरू करता येईल. प्रत्येक मजकुराबरोबर गाव आणि साल नोंदवावे. शुद्धलेखन मात्र सुधारू नये. वहीत 'व्हता' असेल तर संगणकातही 'व्हता'च राहू द्यावे.