नदीचें माहात्म्य आणि नदीचे मानकरी

मराठी वाङ्मयांत नद्यांची उणीव कधींच नव्हती. पुराणिकानें नदीस माता म्हटलें, कवीनें तिला नायिका केलें, आणि प्रवासवर्णनकारानें तिला रुपेरी पट्ट्याची उपमा देऊन आपली सुटका करून घेतली. पण ज्या माणसांचा त्या पाण्याशीं पिढीजाद संबंध होता, तीं माणसें या लेखनांत कोठें आहेत, हा प्रश्न आमच्या टीकाकारांनीं फारसा विचारलेला दिसत नाहीं. तो विचारण्यास पांचगणी हें ठिकाण चांगलें आहे. कृष्णेचा उगम आणि तिला घातलेला पहिला मोठा बांध हीं दोन्ही येथून जवळ आहेत.

प्रथम उगमाकडे वळूं. क्षेत्र महाबळेश्वरीं पंचगंगेच्या देवळांत कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री या पांच नद्यांचा उगम मानितात. जुन्या नोंदींत असें नमूद आहे कीं, कृष्णेच्या उगमावरील देवळाशीं तेथील एका कोळी घराण्याचा वंशपरंपरागत संबंध होता. त्यास 'गंगापुत्र' म्हणत, आणि यात्रेकरू स्नानाच्या वेळीं जें दान देत, तें त्या घराण्याकडे जाई. क्षेत्राचें माहात्म्य वाढलें, तरी पाण्याजवळचा हा मान डोंगरांतल्या माणसाकडेच राहिला, असा याचा अर्थ आम्ही घेतों. आमच्या प्रवासवर्णनांत गोमुख न चुकतां येतें. हा मानकरी मात्र क्वचितच भेटतो.

आतां पांचगणीच्या कड्यावरून खालीं पाहूं. तेथें धोमचा जलाशय दिसतो. १९७० नंतरच्या दशकांत वाईजवळ कृष्णेवर हें धरण झालें. सुटीस आलेला पाहुणा त्यास 'सुंदर तळें' म्हणतो. त्याचें म्हणणें खोटें नाहीं, अपुरें आहे. धरणाच्या पाण्यानें खालच्या मुलखाची शेती पिकली हें खरें. आणि त्यासाठीं वरच्या खोऱ्यांतील कसत्या जमिनी बुडाल्या हेंहि तितकेंच खरें. जें वर्णन यांपैकीं एकहि गोष्ट जाणत नाहीं, तें कितीहि रमणीय असो, वाङ्मय म्हणून उणेंच राहतें.

हें उणेपण भरून काढण्याचा मोठा प्रयत्न श्री. विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती' (१९९१) या कादंबरीनें केला. तिला १९९२ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो यथायोग्यच होय. धरणग्रस्त माणूस एकदां पाण्यांत बुडतो आणि पुढें जन्मभर कागदांत बुडत राहतो, हें तिनें विस्तारानें दाखविलें. मोबदला, पर्यायी जमीन आणि कचेरीचे खेटे यांचें असें चित्र आमच्या कादंबरींत पूर्वीं विरळाच होतें.

तथापि एका बाबतींत आमचें समाधान होत नाहीं. कोणता ओढा केव्हां आटतो, कोणत्या डोहास हात लावावयाचा नाहीं, पाटाचें पाणी कोणत्या क्रमानें फिरतें, हें गांवाचें जुनें ज्ञान कादंबरींत मागें पडतें. त्यामुळें वाचकास करुणा येते, पण काय बुडालें याचा पुरता हिशेब त्याच्या हातीं लागत नाहीं. विस्थापित म्हणून माणसाचें चित्र ठसठशीत उमटतें. हक्कदार म्हणून तें पुसट राहतें.

हा हक्काचा प्रश्न प्रा. राजेंद्र व्होरा यांच्या 'मुळशी सत्याग्रह' (१९९४) या इतिहासग्रंथांत अधिक स्पष्ट होतो. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनीं १९२१ च्या रामनवमीस सत्याग्रह आरंभिला. सेनापति बापट त्यांचे पुढारी झाले. 'जान किंवा जमीन' ही घोषणा गाजली. आणि धरण अखेर झालेंच. व्होरा या पराभवाचे गोडवे गात नाहींत. पुण्यांत राहणाऱ्या सावकार-जमीनदारांनीं मोबदला पत्करला आणि कसणारा मावळा एकटा पडला, ही आंतली चीर ते उघडी करितात. जमीन ज्याच्या नांवें, त्याचाच शब्द चालावयाचा, हा नियम मावळ्यास धरणाइतकाच घातक ठरला.

कृष्णेच्याच खोऱ्यांत पुढें या नियमास शेतकऱ्यांनीं उत्तर दिलें. सांगली जिल्ह्यांत येरळेच्या कांठीं बलवडी व तांदुळवाडी येथील दुष्काळी गांवकऱ्यांनीं १९८० नंतरच्या दशकांत 'बळीराजा' धरणाचें काम हातीं घेतलें. कंत्राटदारांनीं नदीची वाळू बेसुमार उपसावी हें त्यांस मान्य नव्हतें. मर्यादित वाळू स्वतः विकून त्यांनीं धरणासाठीं पैसा उभा केला, आणि भूमिहीन कुटुंबासहि पाण्याचा वांटा मिळावा असें ठरविलें. गंगापुत्राचा मान आणि भूमिहीनाचा हा वांटा यांत आम्हांस एकच तत्त्व दिसतें. दोन्ही हक्क पाण्याच्या सहवासांतून निघतात. सातबाऱ्याच्या उताऱ्यांतून ते निघत नाहींत.

या तत्त्वास साजेल असा कादंबरीकार येरळेला अद्याप मिळावयाचा आहे. तो मिळेल तेव्हां मिळो. तोंपर्यंत नदीविषयींचें कोणतेंहि पुस्तक हातीं आलें म्हणजे आमच्या वाचकांनीं त्यास एक साधी कसोटी लावावी: पाणी कसें दिसतें हें सांगून लेखक थांबला, कीं तें कोणाचें आहे हें विचारण्याचें धैर्य त्यानें दाखविलें?