संघाचे नाव, वस्तीचे नाव

मुलाला नाव ठेवतात आणि माणसाला नावे ठेवतात. एकवचनात बारसे, अनेकवचनात निंदा. एकाच क्रियापदात मराठीने ही दोन्ही कामे बसवली आहेत, आणि दुसऱ्या कामाचा अनुभव आपल्या समाजाला पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक आहे. खेळाच्या संघांचेही असेच असते. एक नाव संघ स्वतः घेतो, ते बनियनवर छापतो, नोंदणीच्या कागदावर लिहितो. दुसरे नाव त्याला मैदानाच्या कडेला उभे असलेले लोक देतात. या दोन नावांमधील अंतर किती आहे, हे पाहिले की त्या गावाची रचना कळते. आपले समीक्षक कवितासंग्रहांच्या नावांवर पानेच्या पाने लिहितात. पण वस्तीतली पोरे एकत्र बसून, वाद घालून, वर्गणी काढून जे दोन शब्द निवडतात, त्यांच्याकडे वाङ्मय म्हणून पाहावे असे कोणाला वाटलेले नाही. मला ते वाटते, म्हणून हा लेख.

चंद्रपूर-गडचिरोलीकडे धान निघाले की मंडईचे दिवस येतात. झाडीपट्टीतली नाटके, शंकरपट, आणि त्यांच्या जोडीने सामने. जंगलातल्या गावांत कबड्डी, व्हॉलीबॉल आणि आता क्रिकेट; फुटबॉल मुख्यतः कोळसाखाणी, कागद गिरणी आणि रेल्वे यांच्या वसाहतींच्या आसपास. भिंतीवर चिकटवलेल्या पत्रकांवर संघांची नावे असतात. गेली काही वर्षे मी ही पत्रके वाचतो आहे, आणि वर्गातील मुलांना त्यांच्या संघांची नावे विचारतो आहे.

आता एक दूरचे उदाहरण घेतो. इंग्लंडमधील नॉर्दम्प्टन हे गाव जोड्यांच्या धंद्यासाठी प्रसिद्ध. तिथला फुटबॉल संघ १८९७ मध्ये स्थापन झाला. त्याचे टोपणनाव आहे ‘कॉब्लर्स’, म्हणजे सरळ मराठीत चांभार. वॉल्सॉल गावात खोगिरे आणि चामड्याचा सरंजाम बनत असे. त्या संघाला ‘सॅडलर्स’ म्हणतात. स्टोकचे ‘पॉटर्स’, म्हणजे कुंभार. ल्युटनचे ‘हॅटर्स’, टोप्या करणारे. लंडनचा आर्सेनल तर १८८६ मध्ये वूलिचच्या सरकारी दारूगोळा कारखान्यातील कामगारांनीच काढला, म्हणून तो ‘गनर्स’. हजारो लोक मैदानात उभे राहून आपल्याच संघाला चांभार म्हणून हाका मारतात, आणि त्यात त्यांना अभिमान वाटतो.

हे वाचून आपल्याकडचा सुशिक्षित सवर्ण वाचक लगेच म्हणेल, पाहा, धंद्याची लाज कशाला वाटावी? हा उपदेश आपण पुष्कळ ऐकलेला आहे. पण नॉर्दम्प्टनचा मोची आणि आपला चांभार हे एकच शब्द बोलत नाहीत. तिथे बाप जोडे शिवत होता म्हणून मुलाने जोडेच शिवले पाहिजेत, त्याने गावाबाहेर राहिले पाहिजे, त्याच्या हातचे पाणी बाटते, असा कायदा नव्हता. त्याच्याकडे दारिद्र्य होते, मालकाची दडपशाहीही होती. पण त्याचा धंदा त्याच्या रक्ताला चिकटवलेला नव्हता. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त हा फरक दाखवून ठेवला आहे: जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. जिथे श्रमाची विभागणी आहे तिथे धंद्याचे टोपणनाव लाडाचे होऊ शकते. जिथे श्रमिकच उतरंडीत रचलेले आहेत, तिथे तोच शब्द शिवी होतो. आपल्या एखाद्या गावच्या संघाने उद्या बनियनवर ‘चांभार’ छापले, तर ते लाडाचे नाव होणार नाही. ते बंड होईल किंवा पोरांची चेष्टा होईल; मधली जागाच नाही.

याला एक अपवाद मला दिसतो, आणि तो महत्त्वाचा आहे. १९४१ मध्ये उभी राहिलेली महार रेजिमेंट. तिथे तोच शब्द खांद्यावर पितळेत आला. पण त्या शब्दामागे गणवेश होता, पगार होता, हातात बंदूक होती. गावच्या पाटलाने ‘महार’ म्हणणे आणि सुभेदाराने म्हणणे यात जे अंतर आहे, ते व्याकरणाने सांगता येत नाही.

मूळ मुद्दा नाव कोण ठेवतो हा आहे. मनुस्मृतीने दुसऱ्या अध्यायात हे काम उघडपणे वाटून दिले आहे: ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलाचे, वैश्याचे धनाचे, आणि शूद्राचे नाव जुगुप्सा वाटेल असे असावे. धोंड्या, कचऱ्या, दगड्या ही आपल्या आजा-पणजांची नावे कवींच्या कल्पनेतून आलेली नाहीत. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जो ग्रंथ जाळला, त्यात हे कलमही होते. शूद्रांच्याही खाली ज्यांना ढकलले, त्यांचे बारसे तर गावच करीत होते.

खेळाच्या मैदानावर याचा एक विदारक नमुना मुंबईत घडला. तिथल्या जुन्या क्रिकेट स्पर्धेत संघांची नावे धर्मावरून होती: युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान. ‘हिंदू’ या संघासाठी पळवणकर बाळू या चांभार गोलंदाजाने वर्षानुवर्षे बळी घेतले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर घेतले. त्याला कर्णधार म्हणून कधी नेमले गेले नाही. तो मान त्याचा भाऊ विठ्ठल याला १९२३ मध्ये मिळाला, तोही बऱ्याच खळखळीनंतर. संघाच्या नावात बाळू हिंदू होता. चहाच्या वेळी त्याचा पेला निराळा होता. पुढे १९३७ पासून पाचवा संघ आला. ख्रिस्ती, ज्यू आणि इतर कोणाच्याच रकान्यात न बसणारे लोक त्यात घातले आणि त्याचे नाव ठेवले ‘द रेस्ट’: उरलेले. माझ्या मते खेळाच्या इतिहासात याहून प्रामाणिक नाव क्वचितच दिले गेले असेल. १९४३ मध्ये याच उरलेल्यांच्या संघातून विजय हजारे यांनी हिंदू संघाविरुद्ध एका डावात ३०९ धावा केल्या. संघाच्या एकूण धावा ३८७. संघ हरला. नाव ‘उरलेले’च राहिले.

मराठी मुलखातील फुटबॉलचे खरे गाव कोल्हापूर. तिथली नावे तालमींची आणि पेठांची आहेत: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, संध्यामठ, फुलेवाडी, आणि मध्येच एक प्रॅक्टिस क्लब, ज्याच्या नावात सरावाखेरीज कशाचाच दावा नाही. कुस्तीच्या आखाड्यांनी फुटबॉल दत्तक घेतला आणि आपले आडनाव त्याला दिले. पाटाच्या बाजूची तालीम, एवढेच नाव. ऐकायला किती निरागस! पण जागेचे नाव निरागस असायला जागा निरागस असावी लागते. आमच्याकडे जागेचे नाव घ्यायचे म्हणजे महारपुरा, गोंडमोहल्ला, ढिवरपुरा. पेठेचे नाव छातीवर मिरवता येते. पुऱ्याचे नाव छातीवर घेतले तर पाणी पिण्याच्या वेळी आठवण करून दिली जाते.

म्हणून आमच्या पोरांना नाव दुसरीकडून आणावे लागले, आणि ते कुठून आणायचे याचे उत्तर १६ ऑक्टोबर १९५६ ला मिळाले. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली. त्यामागे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचे श्रम होते. त्यानंतरच्या पिढीत घरातील मुलांची नावे बदलली, आणि मुलांनी संघ काढले तेव्हा संघांचीही. पंचशील, सिद्धार्थ, नालंदा, तक्षशिला, सम्राट अशोक. नागपूरच्या फुटबॉलमध्ये राहुल क्लब हे नाव जुने आहे. राहुल कोणाचा मुलगा हे आमच्या वस्तीत शाळेत न गेलेली म्हातारीही सांगते. या नावांना ‘तीच ती’ म्हणून नाक मुरडणारे समीक्षक मला भेटले आहेत. गावोगाव जय बजरंग आणि शिवशक्ती असतात, तेव्हा त्यांना तोच तोपणा दिसत नाही. ज्याला हजार वर्षे किळसवाणे नाव घ्यावे लागले, त्याने सापडलेले एक चांगले नाव दहा वेळा वापरले, तर त्यात दारिद्र्य पाहायचे की हिशेब चुकता करणे?

परंतु माईकवर काय होते? पत्रकावर ‘पंचशील’ छापलेले असते. धावते समालोचन करणारा गावातला हुशार माणूस म्हणतो, ‘आता वॉर्ड नंबर चारची पोरे.’ नाव टाळण्यासाठी आकडा कामी येतो. जातीचे नाव घेतले तर गुन्हा होईल, बुद्धाचे घेतले तर तोंड वाकडे होईल, म्हणून आकडा. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर, ज्योतिनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय योग्यच होता. पण मराठवाडा विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ चा विधिमंडळाचा ठराव असूनही १९९४ पर्यंत थांबावे लागले, घरे जळाली, माणसे मेली, आणि शेवटी पदरी नामांतराऐवजी नामविस्तार पडला, हे ज्यांनी पाहिले त्यांना पाटी आणि जीभ यांतले अंतर ठाऊक आहे.

नव्या मुलांचा मार्ग निराळा आहे. २००८ नंतर आयपीएलच्या धर्तीवर किंग्ज, रायडर्स, वॉरियर्स आले. काही जण ‘पंचशील’ची इंग्रजी आद्याक्षरे करून टाकतात. माझ्या वर्गातील एका मुलाला मी याचे कारण विचारले. तो म्हणाला, ‘सर, इंग्रजीत कोन्या मोहल्ल्याचे आहो ते कळत नाही.’ यावर मला राग आला नाही, पण समाधानही झाले नाही. लपण्यासाठी घेतलेले नाव हे सुद्धा दुसऱ्याच्याच नजरेने ठेवलेले नाव असते. १९७२ मध्ये ‘पँथर’ हे नावही परदेशातूनच आले होते, अमेरिकेतील काळ्या बांधवांकडून. पण ते लपण्यासाठी घेतले नव्हते.

गडचिरोलीत हा प्रश्न अधिक अवघड होतो, आणि इथे आपल्यालाही थोडे ऐकून घ्यावे लागेल. बाबूराव शेडमाके यांनी १८५७ मध्ये इंग्रजांविरुद्ध तरुणांचे जे दल उभारले, त्याचे नाव होते जंगोम दल. नाव गोंडी, कोणत्याही पुराणातून उसने घेतलेले नाही. २१ ऑक्टोबर १८५८ ला त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिले. आज गडचिरोलीत पोलीस दल व्हॉलीबॉलची स्पर्धा वीर बाबूराव शेडमाके यांच्या नावाने आणि कबड्डीची बिरसा मुंडा यांच्या नावाने भरवते. मुले खेळतात, बक्षिसे घेतात. त्यात वाईट काही नाही. तरीही बंडखोराच्या नावाची ढाल बंदोबस्तातल्या मैदानात वाटली जाते, तेव्हा त्या नावातला कोणता अर्थ शिल्लक ठेवला आणि कोणता काढून घेतला, हे विचारणे समीक्षकाचे काम आहे. ताडोबाचेही तेच झाले. तो तारू हा आदिवासींचा देव. १९५५ मध्ये त्याच्या नावाने राष्ट्रीय उद्यान झाले, आणि आता ते नाव ऐकले की वाघ आणि जिप्सी आठवते. आमच्या बौद्ध संघांच्या नावांत अशोक आहे, नालंदा आहे. शेजारच्या गोंड टोलीतील एकही शब्द नाही. गोंडी पोरांच्या संघालाही गोंडी नाव क्वचितच असते, कारण पंचाला ते लिहिता येत नाही, अशी तक्रार मी ऐकली आहे.

नागपूरला विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी जे काम सुरू केले, त्याचे नावच ‘झोपडपट्टी फुटबॉल’ होते. पुढे ते जगभर ‘स्लम सॉकर’ झाले. पहिले नाव मला अधिक पसंत आहे. त्यात नॉर्दम्प्टनच्या ‘कॉब्लर्स’जवळ जाणारे काहीतरी आहे. दुसऱ्यात देणगीदारांची सोय आहे. नागराज मंजुळे यांनी २०२२ मध्ये त्यावर चित्रपट केला आणि नाव ठेवले ‘झुंड’. झुंड हा शब्द कुत्र्यांना, गुंडांना आणि आपल्याला लावतात. दिग्दर्शकाने तो उचलून थेट पाटीवर लिहिला, हे धाडस मी मानतो. पण चित्रपटाचा खरा विषय मला शीर्षकाहून एका उपकथानकात अधिक सापडला. खेळायला परदेशी जायचे म्हणून एका आदिवासी मुलीला पासपोर्ट काढायचा आहे. संघात तिची निवड झालेली आहे. तिचा बाप तिला घेऊन या दारातून त्या दारात हिंडतो, आणि ही मुलगी हीच आहे, तिचे नाव हेच आहे, एवढे लिहून देणारा कागद त्यांना मिळता मिळत नाही.